ब्राझीलपाशी थांबलेला कंगवा

अण्णा, उद्या सोमवार आहे आणि मला भीती वाटतेय. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, मग शाळा सुटलीच, म्हणून अक्षर असंच आहे, समजून घ्या. तुम्हाला नात झालीये. अडीच महिन्यांची आहे. नाक तुमचं. पण दोन्ही पावलं जन्मापासून आत वळलेली, तळवे एकमेकांकडं बघतात. डॉक्टर बाई म्हणाल्या, घाबरू नका, पुष्कळ बाळांना असतं, दर सोमवारी थोडं थोडं वळवू आणि प्लास्टर घालू. तसं चाललंय. मांडीपासून बोटांपर्यंत सगळं पांढरं. आता शेवटचं प्लास्टर राहिलंय, आणि त्याच्या आधी टाचेमागची शीर कापायची आहे. एवढीशी चीर, टाकासुद्धा नाही, म्हणाल्या. पण अण्णा, टाचच केवढी आहे तिची! माझ्या अंगठ्याएवढी.

सकाळी तिच्या टाळूला तेल लावत होते आणि तुमचा कंगवा आठवला. आई पहिल्या बसनं कर्वेनगरला कामाला जायची, तुमची कारखान्यात दुसरी पाळी, म्हणून माझ्या वेण्या तुमच्याकडं. येरवड्याच्या खोलीत दाराशी उजेडात मला पुढ्यात बसवायचात, आणि मी हलू नये म्हणून आपल्या भारताच्या जुन्या फुटबॉल टीमची गोष्ट. आख्खी गल्ली क्रिकेट बघायची, तुमचं आपलं हेच. "लंडनचं ऑलिम्पिक," तुम्ही म्हणता आणि भांग पडतो. मी विचारते, पायात बूट नव्हते? "काहींना नव्हतेच. नुसत्या पट्ट्या. तरी फ्रान्सशी एकाच गोलानं हरले. दोन पेनल्टी घालवल्या, नाहीतर..." त्या नाहीतरला माझे केस ओढले जायचे. मग ब्राझील. तिथं कंगवा हवेतच थांबतो. "वर्ल्ड कपचं बोलावणं आलं होतं. गेलेच नाहीत." का नाही गेले, तर तुम्ही रोज वेगळं सांगायचात. एक दिवस बोटीचा प्रवास लांब, एक दिवस बुटांचं, एक दिवस साहेब लोकांना ऑलिम्पिकच मोठं वाटलं. "निमित्तं गं. निमित्तांना काय, पोतंभर मिळतात." मग दिल्लीच्या एशियाडला सोन्याचं पदक, की पहिली वेणी भराभर. दुसरीला हेलसिंकी, आणि कचकन पीळ. मी ओरडायचे, आई गं! "त्यांनी दहा गोल खाल्ले, तुला एक वेणी सोसत नाही?" मेलबर्नला चौथा नंबर, आणि जकार्ताला पुन्हा सोनं, तिथं रिबिनीचं फूल. मग पुढं, अण्णा? "पुढं शाळा. पळ."

एकदा मी विचारलं होतं, हेलसिंकीला दहा खाल्ले ते सांगताना तुम्ही हसता, आणि ब्राझीलला तर हरलेसुद्धा नाहीत, मग तिथंच तोंड का पडतं? तुम्ही रिबीन दातात धरली होती. ती काढलीत आणि म्हणालात, "हरले त्याची गोष्ट होते. गेलेच नाहीत, त्याचं काय सांगू तुला?" मला तेव्हा काही कळलं नव्हतं. मला शाळेला उशीर होत होता.

मी आता खराडीला एका आयटी कंपनीत हाउसकीपिंगला आहे. सध्या रजेवर. ह्या जानेवारीत, ही पोटात होती तेव्हा, कॅन्टीनची फरशी पुसताना टीव्हीवर आपली टीम दिसली. आशिया कप होता. कितीतरी वर्षांनी गेले होते म्हणे, त्याआधी गेले तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते. ऑस्ट्रेलियानं चार गोल मारले. गोलकीपर बिचारा डावीकडं उजवीकडं उड्या मारून दमला. एका पोरानं ताटावरून मान वर केली. "ताई, कोण हरतंय?" म्हटलं, आपले. "मग बदला ना चॅनेल." बदललं मी. पण अण्णा, वेणीच्या जागी डोक्यात कळ गेली, खरंच. बूट सगळ्यांच्या पायात होते. तुम्हाला सांगावंसं वाटलं, हरले, पण गेले होते.

मागच्या सोमवारी आम्ही नाही गेलो. सासूबाई म्हणाल्या अमावस्या आहे, आणि आमच्यात कुणाच्या पायाला सुरी लागलेली नाही, तेलानं होईल सरळ. हे कंपनीची गाडी चालवतात, म्हणाले, ड्युटी आहे, तू म्हणशील तसं. मी म्हटलं, तिला सर्दी झालीये. एकच शिंक आली होती तिला. दुपारी दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. "ताई, सगळेच घाबरतात. पण उशीर केला तर आत्तापर्यंत वळवलेला पाय परत फिरतो. चालायचंय ना तिला?" हो म्हटलं आणि फोन ठेवला. पोर मांडीवर होती, प्लास्टरचे पाय वर करून एकमेकांवर आपटत होती. टक टक. पोत्यातलं एकएक निमित्त मला तुमच्या आवाजात ऐकू आलं. बोट. बूट. साहेब. अमावस्या. सर्दी.

म्हणून उद्या जाते. ह्यांनी ड्युटी बदलून घेतली. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "संपली वाटतं सर्दी." पण तिची लंगोटीची पिशवी त्यांनीच भरून ठेवलीये, दारापाशी. भीती गेलेली नाही. डॉक्टर बाई आत न्यायच्या आधी तिला माझ्याकडून घेतील, मी बाहेर बाकावर बसेन. लंडनपासून म्हणायला घेईन म्हणते. जकार्तापर्यंत येईल ती बाहेर, वेळ लागला तर पुन्हा पहिल्यापासून.

हा कागद कुठं पोस्टात टाकायचा नाहीये, डाळीच्या डब्याखाली ठेवते. एक मात्र सांगायचं राहिलं. हेलसिंकीला एवढं दुखायचं नाही, अण्णा. मी ओरडले की तुम्ही थांबायचात आणि डोक्यावर फुंकर घालायचात, म्हणून ओरडायचे. उद्या त्या बाकावर तेवढी एक मिळाली असती, तर बरं झालं असतं.