येळवसला गेलेलं गाव

१० डिसेंबर १९३८

आज दुपारी चावडीत अप्पांनी गुरप्पाचा पाय खोड्यात अडकवला. त्या घटकेपासून मी या घरातला राहिलो नाही.

माझे अप्पा, गावचे पोलीस पाटील! दौऱ्यावर आलेल्या अमीनसाहेबाचा, म्हणजे फौजदाराचा, पलंग निर्णा गावाहून डोक्यावर आणायचा हुकूम महारवाड्यातल्या गुरप्पाला झाला. तो म्हणाला, "मजुरी द्या, आत्ता आणतो." एवढंच. शाळेचे जयतीर्थ मास्तर धावत आले. वेठ घेऊ नये असा सरकारचाच हुकूम आहे म्हणाले. भोवती माणसं जमली. "बगैर इजाजत जलसा करते?" म्हणत, विनापरवाना सभेचा आळ घेऊन, अमीनानं मास्तरांनाही कोठडीत टाकलं. अमीनाचा मुक्काम चावडीतच; दौरा संपला की दोघांची रवानगी बिदरच्या जेलात.

खोड्याची खुंटी अप्पांनी ठोकली. ठोकताना तोंड फिरवलं होतं. फिरवलं म्हणून काय झालं? ठोकलीच ना!

११ डिसेंबर

मास्तरांची बहीण नलिनी भाकरी घेऊन चावडीकडं गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गुलबर्ग्याचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं ते वसतिगृहात सभाबंदी केली म्हणून, असं मी सगळ्यांना सांगतो. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं आत्ता समोरून गेलं.

१३ डिसेंबर

रॉकेलचा डबा मिळवला. चावडीच पेटवून द्यायची! विहिरीवर नलिनीला सांगितलं. तिनं घागर भरून घेतली. मग म्हणाली, "चावडीच्या आत कोण आहे, श्रीमंतराव?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

डबा परत केला.

१७ डिसेंबर

चार माणसं पारावर बसली तरी शिपाई येऊन हुसकतो. निषेध करायचा कुठं?

माय आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ भिजवत होती. येळवस जवळ आली. त्या अमावस्येला आमच्याकडं घरात कुणी राहत नाही, सगळं गाव रानात जेवतं. दिवस मावळला की परत. शेजारच्या कलाबाई थट्टेनं म्हणाल्या, "गीताबाई, एवढी आंबील? आठ दिवस रानातच ऱ्हायचा इचार हाय का?"

सगळ्या हसल्या. नलिनी ताक घ्यायला आली होती. ती हसली नाही. म्हणाली, "राहिलो तर?"

येळवसला परवानगी लागत नाही. आणि गावात माणूसच नसला तर वेठ कोण करणार? पलंग कोण उचलणार, घोड्याला वैरण कोण टाकणार? मी इतके दिवस काडी शोधत होतो. हिनं नुसतं जागेवरून उठायचं ठरवलं!

१९ डिसेंबर

जेवणाचं बोलावणं करत बाया घरोघर फिरल्या. शिपायाच्या नाकासमोरून.

गुरप्पाची बायको निलम्मा मायला स्पष्ट बोलली, "दरसाल आमाला बांधावर वाढता. औंदा पंगतीत बसवणार असाल तर सगळा महारवाडा येतो. न्हाईतर कामून यायचं?"

दोघं-तिघं म्हातारे गुरगुरले. माय म्हणाली, "पंगत माझ्या रानात हाय. ज्याला पटत न्हाई त्यानं बांधावर बसावं."

अप्पा सोप्यात होते. ऐकलं.

२१ डिसेंबर

येळवस. आमच्या रानात कडब्याच्या कोपी उभ्या राहिल्या. भज्जी, उंडे, आंबील. निलम्मा आणि कलाबाई शेजारी शेजारी बसल्या. सुरुवातीला जो तो नुसता पत्रावळीकडं बघत बसला. मग कुणाच्या तरी पोरानं आंबील सांडली, दोघी एकदमच त्याच्यावर ओरडल्या, आणि पंगत सुरू झाली.

सूर्य बुडाला. सवयीनं राघोबातात्या धोतर झटकत उठले. सगळे त्यांच्याकडं बघायलेत! तात्या म्हणाले, "पाय आखडला होता," आणि परत बसले.

कुणीही गेलं नाही. फक्त अप्पा गावात.

२२ डिसेंबर

शिपाई आला. "गाँव किधर कू गया?"

"जेवायला बसलंय," कलाबाई म्हणाल्या, "तुमी बी बसा." येळवसला दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. तो बसला. दोनदा भज्जी घेतली.

"ये जलसा है क्या?"

"येळवस हाय बाबा."

"वो तो कल थी."

"औंदा आमची अमाशा लांबली."

घोड्याला मीच पाणी पाजायलोय, असं जाता जाता तो कुरकुरला.

२३ डिसेंबर

कडाक्याची थंडी. पोरं खोकायलीत. दोन घरं परत जायचं बोलायला लागली.

दुपारी अमीनाचा निरोप आला. बामणाला सोडतो, गुरप्पाला नाही. गावानं परत यावं.

सगळ्यांचे डोळे नलिनीकडं. तिचा एकुलता भाऊ. मी म्हणणार होतो, "घे, हो म्हण." बरं झालं, तोंड उघडलं नाही. ती निलम्माकडं बघत म्हणाली, "दोघं. नाहीतर आम्ही इथंच."

जाऊ पाहणाऱ्या त्या दोन घरांनी पुन्हा चूल मांडली.

संध्याकाळी सरपण आणताना ती माझ्या बरोबरीनं चालली. आपण होऊन. "तुम्ही आज काही पेटवलं नाहीत," म्हणाली.

२४ डिसेंबर

घोंगड्या न्यायला घरी आलो. रिकाम्या सोप्यात अप्पा एकटे. हातची भाकरी करपलेली.

"अमीनसाहेब स्वार मागवायलाय. तुझ्या मायला म्हणावं, यावं परत."

"तुम्हीच सांगा. तुम्हाला हुकमाची सवय हाय."

वाटलं, थोबाडीत देतील. त्यांनी भाकरी माझ्याकडं सरकवली. "पाटलाला गाव लागतंय रे," म्हणाले. "गाव तर तिकडं हाय."

पहाटे निघेन. घोंगड्या बांधून ठेवल्या.

२५ डिसेंबर

अप्पा घरात नाहीत. पागोटं खुंटीवर.

चावडीतला अमीन पाण्यासाठी हाका मारायलाय, ऐकू येतंय. माळवदावर चढून बघितलं. कोठडी सताड उघडी. आणि रानाच्या वाटेवर तीन माणसं. मास्तर. पाय ओढत चालणारा गुरप्पा. त्याला खांद्याचा आधार दिलेले, बोडक्या डोक्याचे माझे अप्पा!

आता त्यांनाही धरायला येतील. येऊ देत. अख्खं गावच मोजून न्यावं लागेल.

हे शेवटचं उघडं घर. घोंगड्या खांद्यावर घेतल्या. दार ओढून घेतो.