अर्धा राहिलेला हात

तीर्थरूप अप्पा,
शरणार्थ.

तुम्हाला जाऊन दीड महिना झाला. पत्र लिहायचं मनात नव्हतं. थकलेय हो मी! गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी उठायचं, भाकऱ्या थापायच्या, कडक करून वाळवायच्या, दुकानात पोचत्या करायच्या, आणि घरी येऊन अंग टाकायचं. पण आज दुपारी ती ग्रीस देशाची मड्डम आली होती, तिनं दुरुस्तीला दिलेलं चित्र मागायला. ती गेल्यापासून हात कशालाच लागत नाही. दुसऱ्या कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते.

चित्र अजून पडवीतच आहे, भिंतीकडे तोंड करून. मीच फिरवून ठेवलं होतं. त्यातली ती मेरीमाता कडेवरच्या लेकराकडे बघत नाही, सरळ आपल्याकडे बघते. माझ्याच्यानं ते सहन होईना.

आठवतं, मड्डम पहिल्यांदा टांग्यातून उतरली तो दिवस? तिचा नवरा बार्शीला कापूस खरेदीला आलेला, इकडेच वारला. तुम्ही देव्हाऱ्यांची दारं आणि पालख्या रंगवता हे ऐकून ती फळी घेऊन आली. हातभर लांबीची, सगळीकडे सोनेरी वर्ख. सोलापूरच्या उन्हानं फळी तडकली होती आणि मेरीमातेच्या उजव्या हाताचा रंग पापडासारखा सुटला होता. त्या हातानं ती लेकराकडे बोट दाखवते. तोच नेमका गेला!

मी म्हणाले होते, तोंड किती काळं, धुरानं झालं असेल, चिंचेनं घासू का? तुम्ही किती हसलात! "आगं, त्ये काय तांब्याचं भांडं हाय व्हय? नीट बघ की. आपण पांढऱ्यावर सावली घालतो, ही लोकं सावलीवर उजेड चढवत्यात." मग मड्डमनं सांगितलेलं सगळं मला सांगत बसलात. आदल्या चिताऱ्यानं जसं काढलं तसंच पुढच्यानं काढायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, खाली नाव घालायचं नाही. तुम्हाला ते लई आवडलं होतं. चार दिवस दुसरं बोलणंच नव्हतं तुमचं.

डिंकात कालवून लावलेला रंग पंधरा दिवसांत सुटला. तेव्हा मड्डमनं त्यांची रीत सांगितली. अंड्याचा पिवळा बलक. तुम्ही दोन दिवस कुंचल्याला हात लावला नाहीत, मग पुन्हा कामाला बसलात. रंग मी वाटून द्यायची, पण कालवायची वेळ आली की तुम्ही म्हणायचात, "नीलव्वा, आत जा, चूल बघ." मी जायची.

अप्पा, मला वास आला होता. रंग कालवायच्या करवंटीच्या कडेला वाळलेलं पिवळंही मी पाहिलं होतं, एकदा नाही, तीनदा. मी काही बोलले नाही. तुमचा चेहरा कितीतरी वर्षांनी असा उजळलेला दिसत होता, कशाला बोलू?

आणि मग मैंदर्गीहून आत्या आली. तिच्या नाकाचं काय सांगावं! दुसऱ्याच दिवशी करवंटी घेऊन अंगणात उभी. "शिव शिव! लिंगवंताच्या घरात अंडं? नीलव्वा, तुला म्हाईत न्हवतं व्हय?"

मी नाही म्हणाले.

भ्याले मी, अप्पा. नवरा गेल्यावर तुम्ही मला घरी आणलंत, तेव्हापासून ह्या उंबऱ्याशिवाय मला होतं काय? गल्लीनं, आत्यानं मलाही वाळीत टाकलं तर जायचं कुठं? आणि तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत आणि म्हणालात, "पोरीला कायबी म्हाईत न्हाई."

का म्हणालात तसं? खोटारडी म्हणायचं होतं ना! त्या दिवसापासून तुमचं ताट उंबऱ्याबाहेर गेलं. मांडत कोण होतं? मी. आत्या बघायची आणि मी मांडायची. तुम्ही कुंचला ठेवलात तो पुन्हा उचलला नाहीत. नंतर तो ताप आला. शेवटची पेज मी तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेऊन पाजली, तेव्हा आत्यानंही अडवलं नाही. पण उशीर झाला होता.

आज मड्डमनं फळी वळवली. मनगट झालेलं, दोन बोटं झालेली, बाकी नुसतं रंगाखालचं पांढरं अस्तर. "अधूरा?" म्हणाली. मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही. ती ऐकून तिथंच खाली बसली. मग म्हणाली, "हम लोग भी उपवास में अंडा नहीं खाता. हमारा पेंटर उपवास रखके काम करता है. अंडा सिर्फ रंग में. मुँह को नहीं." हे तिनं तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं म्हणे!

मग आम्हाला का नाही सांगितलंत? पण सांगितलं असतं तर ऐकलं असतं का आम्ही? आत्यानं नसतं ऐकलं. माझं खरं सांगू? मीही नसतं ऐकलं.

आठ दिवसांनी मड्डम मुंबईला जातेय, तिथून बोटीनं तिच्या मुलुखाला. "ऐसा ही दे दो," म्हणाली. मी फळी सोडली नाही. आठ दिवस द्या म्हटलं. कुठून आलं एवढं बळ, कोण जाणे. देवाच्या हाताला मी कधी कुंचला लावलेला नाही. पण रंग किती दाट हवा ते तुमच्या बाजूला बसून मला कळलंय, आणि तुम्ही काढलेली दोन बोटं समोर आहेत. आपलं डोकं न चालवता तशीच बाकीची काढायची. होईल ना हो माझ्याच्यानं?

वचन देते, अप्पा. उद्या सकाळी मी बाजारातून अंडं आणेन, पदराखाली झाकून नाही, उघड्या हातात, सगळ्या शुक्रवार पेठेतून. हात पुरा होईपर्यंत रोज दिवसभर तोंडात अन्नाचा कण घालणार नाही. आत्या ओट्यावर बसलेली असेलच. ती विचारेल, हे काय आणलंस. मी सांगेन, अंडं आहे, आणि मागच्या खेपेसही मला माहीत होतं.

तुमची चुकलेली लेक,
नीलव्वा