दाखवायचा, द्यायचा नाही

आबा, “नावाचा कागद कुणी मागितला तर दाखवायचा, पण द्यायचा न्हाई,” असं तुम्ही आम्हा दोघी बहिणींना सांगितलंत, तो दिवस मला अजून दिसतो. सांगलीच्या यार्डात दिवसभर हळदीची पोती वाहून तुम्ही खोलीवर आला होता. आई स्टोव्हपुढं भाकरी थापत होती. तुम्ही शर्टाच्या आतून गावाकडच्या दोन एकरांचं खरेदीखत काढलं. हात धुवायचंही तुम्हाला सुचलं नव्हतं. कागदाच्या कोपऱ्यावर पिवळा अंगठा उठला. आई म्हणाली, “आधी जेवा, मग जमीनदार व्हा.” तुम्ही इतके हसलात की शेजारचे डोकावून गेले.

तुमचं ते वाक्य अक्कानं फारच मनावर घेतलं, आबा. तुम्ही गेलात, मागोमाग आई गेली, सातबाऱ्यावर आम्हा तिन्ही भावंडांची नावं लागली. अक्कानं त्याचा उतारा काढून लॅमिनेशन करून घेतला आणि देवांच्या शेजारी उभा केला. पुढं तिचे यजमान वारले. पोरबाळ नव्हतं, ती गावी परत आली. धाकट्या भावाच्या घराला लागून तिची एक खोली आहे. काही वर्षांपासून तिला निराधार योजनेचे पैसे मिळतात. ती त्याला ‘पगार’ म्हणते. पगार झाला की नवं लुगडं नेसून वडूजला जाते, बीपीच्या गोळ्या घेते आणि धाकट्याच्या पोरांना जिलेबी आणते. त्या दिवशी तिची मान काय ताठ असते म्हणून सांगू!

यंदा तलाठी नवीन आले. योजनेच्या फेरतपासणीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून अक्का त्यांच्याकडं गेली. त्यांनी सहज विचारलं, “मावशी, नावावर काही जमीन वगैरे?” एवढी वर्षं तिला हे कुणीच विचारलं नव्हतं. बाईनं पिशवीतून लॅमिनेशन काढून टेबलावर ठेवलं. “हाय की! आवं भाऊसाहेब, माझ्या बापानं पाठीवर पोती वाहून घेतलीया. बचत गटात साठवल्यालं पैसंबी हायती. मी काय निराधार न्हाई.” तलाठ्यांनी कपाळाला हात लावला म्हणे. “मावशी, निराधार म्हणूनच तर पैसे मिळतात तुम्हाला!” मग त्या मुरमाड जमिनीचं उत्पन्न धरलं गेलं, दाखल्यावरचा आकडा मर्यादेच्या वर गेला आणि पगार थांबला.

हे फोनवर सांगताना धाकट्याला हसू आवरत नव्हतं, मलाही आवरलं नाही. पण गेल्या रविवारी गावी गेले तेव्हा गोळ्यांचं पाकीट बघितलं. अक्का एक दिवसाआड गोळी घेतेय. पैसे देऊ केले तर म्हणाली, “तुझं पैसं तुझं. पगार माझा हुता.” धाकटा पैसे देतो तेही ती त्याच्या बायकोच्या हातात ठेवते.

मी तलाठ्यांना भेटले. माणूस भला आहे. म्हणाले, तुमच्या अक्कांनी भावाच्या नावे हक्कसोड केली तर पुन्हा अर्ज करता येईल. जमीन धाकटाच कसतो आणि पिकलीच तर ज्वारीची दोन पोती तिच्या खोलीत आणून टाकतो. सही केल्यानं त्यात काय बदलणार होतं? असं मी चुलीपुढं बसून अक्काला तासभर समजावलं. तिनं शांतपणे चार भाकऱ्या भाजल्या.

“झालं तुझं?” तिनं विचारलं.

“अगं, नुसतं नाव काढायचंय.”

“मग तुझं काढ की. तुझंबी हाय न्हवं तितं?”

“तितं काय हाय, ते तिला इचार,” उंबऱ्यावर बसलेला धाकटा म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

आबा, तिथं माझं नाव नाही. अक्काच्या देवाजवळचा उतारा जुना आहे. तिच्या यजमानांच्या आजारपणात ती कराडच्या दवाखान्यात अडकली होती, तेव्हाच मी हक्कसोडीवर सही करून आले. धाकट्यानं मागितली नव्हती. बहिणी सोडतातच, असं चारजण म्हणाले, आणि मला चांगली बहीण व्हायचं होतं. भावजयीनं हिरवी साडी नेसवली. ती साडी मी हौसेनं वापरलीसुद्धा. अक्काला हे मी रविवारीच सांगितलं. तिनं सगळ्यांत गरम भाकरी माझ्या ताटात टाकली. “येडी हायस,” एवढंच म्हणाली.

हे पत्र मी तिच्या पिशवीत, त्या लॅमिनेशनच्या मागं सरकवून ठेवणार आहे. तुम्हाला पत्ता नाही आणि तिला वाचायचा कंटाळा, त्यामुळं ते तिथंच राहील. आबा, ती माझं ऐकत नाही, धाकट्याचं ऐकत नाही. एकदा तिच्या स्वप्नात या आणि “दे गं पोरी, गोळ्या रोज घे,” एवढं म्हणा. तुम्ही म्हणणार नाही, मला ठाऊक आहे. उलट तिच्या शेजारी बसून तो कागद पुन्हा एकदा निरखून बघाल. तरी म्हणून बघा.