सहीवाल्या वहिनी

जालना, मंगळवार, संध्याकाळ

आज शिलाईचं काम टाकून बदनापूरला जाऊन आलो. लढाईपायी चिल्लर गायब झाल्यापासून बाजारात सुट्ट्या पैशांच्या जागी गणपतरावाच्या हॉटेलाच्या चिठ्ठ्याच चालतात. पण त्याला लिहिता येत न्हाई. चिठ्ठीवर सही बायकोची, लांब शेपटाची. त्यानं गिऱ्हाइकांसमोर "तुला काय कळतं?" म्हटलं आन् वहिनी परवा माहेरी, बदनापूरला गेल्या. मंग यानं स्वतःच सही ओढली. भाजीवाली सखूबाई ओरडली, "हे शेपूट वहिनीचं न्हाई!" तेव्हापासून माझ्या पेटीतल्या खऱ्या चिठ्ठ्याही कोणी घेईना. न जाऊन करतो काय?

गणपतराव, सखूबाई आन् मी, आम्ही तिघं गेलो. वहिनींनी विचारलं, "माझ्यासाठी आलात का चिठ्ठ्यांसाठी?"

सखूबाई बोलून गेली, "चिठ्ठ्यांसाठी."

वाटलं, आता हाकलतात. पण वहिनी खदखदून हसल्या. "एक तरी खरं बोललं! येते. पण चिठ्ठीवर नावही माझंच पाहिजे."

"बिलकुल! जल्दी चल, गाडी यील," गणपतराव घाईनं म्हणाला.

जालन्याला उतरल्यावर टांगेवाल्यानं विचारलं, "भाडं कोण देणार, मालक?"

बायकोचं गाठोडं सावरत गणपतराव म्हणाला, "मालकिणीला विचार."