पहिलीच्या ग्रुपमधले आजोबा

सोमवार, ता. ३

आज सकाळी अर्धा तास आधीच शाळेच्या फाटकाशी पोचलो आणि बाहेरच उभा राहिलो. शिपायाने आत घेतलं नाही. बदलीचा हुकूम दाखवला, ओळखपत्र दाखवलं, तरी मोठ्या बाईंना विचारून येतो म्हणाला आणि कडी लावून गेला. सगळे त्याला हवालदार म्हणतात. परत येऊन वहीत सही घेतली, वर म्हणाला, साहेब, राग मानू नका, इथे खुद्द बाईंचा नवरासुद्धा सही करूनच आत येतो. राग कसला, बरंच वाटलं. माझ्या गावच्या शाळेला भिंतच नव्हती; शेळ्या वर्गात यायच्या आणि त्यांची हजेरी आमच्यापेक्षा चांगली असायची.

माझं काम कारकुनाचं. दाखले, हजेरीपट आणि शाळेचा फोन. त्यावर प्रत्येक वर्गाच्या पालकांचा एक ग्रुप आहे. मोठ्या बाईंनी दोनदा बजावलं: प्रवेश अर्जावर नंबर असेल त्यालाच ग्रुपमध्ये घ्यायचं, नसेल तर ओळखपत्र घेऊन समोर बोलवायचं. देवाचं नाव घेऊन खुर्चीत बसलो. पन्नाशीला आलो, पण कोरं दप्तर मिळालेल्या पोरासारखं वाटलं.

गुरुवार, ता. ६

पहिलीतली एक मुलगी शाळा सुटल्यावर ऑफिसातल्या बाकावर बसते. आई नोकरीला, न्यायला मावशी येते, ती उशिराच. मुलीचे पुढचे दोन दात पडलेत, तरी तोंड घटकाभर मिटत नाही. मी तिला चिमणी म्हणतो. आज तिने विचारलं, काका, तुमचे केस कुणी नेले.

सकाळी एक बाप ओळखपत्र विसरून आला. मी आणि हवालदाराने त्याला दारातून परत पाठवलं. फार रीतसर काम केल्यासारखं वाटलं.

दुपारी शाळेच्या फोनवर निरोप आला: मी पहिलीतल्या नातीचा आजोबा, नवा फोन घेतलाय, ग्रुपमध्ये घ्याल का, तुम्ही मला मुलासारखे. शेवटी परमेश्वराचं स्मरण. कुणाचे आजोबा, असं विचारणार होतो. पण वडीलधाऱ्या माणसाकडे पुरावा मागायला जीभ रेटेना. बोट टेकवलं. झालं.

बुधवार, ता. १२

आजोबा रोज सकाळी ग्रुपवर एक चांगला विचार पाठवतात. सगळे पालक हात जोडलेलं चित्र टाकतात. मीही टाकतो. त्यांना मुलांचं फार कौतुक. नवे फोटो टाका म्हणाले, म्हणून मी कवायतीचे टाकले. प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी, वाचता येईल अशी. दुसरीत नातू आहे म्हणाले, त्याही ग्रुपमध्ये घेतलं. असा आजोबा प्रत्येक शाळेला मिळावा.

सोमवार, ता. १७

शुक्रवारी पुढच्या फाटकाचं काम आहे, मुलांना मागच्या फाटकाने न्यावं, अशी सूचना मी ग्रुपवर टाकली. त्याखाली मावशीने लिहिलं, शुक्रवारी मला अर्धा तास जास्त उशीर होईल, हिला ऑफिसात बसू द्या.

चिमणी बाकावर पाय हलवत होती. म्हणाली, आजोबा म्हणतात माझी पिवळी रिबीन छान दिसते. घरी आईचा जुना फोन खेळायला मिळतो, त्यावरही ग्रुप आहे, तिथून ते तिच्याशी बोलतात. मी सहज विचारलं, कुणाचे गं आजोबा. ती हसली. म्हणाली, असं काय काका, तुम्हीच तर त्यांना घेतलंत. ते म्हणाले, ऑफिसातले काका मला ओळखतात.

मंगळवार, ता. १८

मावशीला विचारलं. तिला वाटलं, ते दुसरीतल्या जुळ्यांचे आजोबा. जुळ्यांच्या बापाला वाटलं, चिमणीचे. तिसऱ्या एका आईने मलाच विचारलं, तुमच्या ओळखीचे ना ते?

दोन्ही वर्गांचे अर्ज काढले. एक्केचाळीस आणि अडतीस. एकेक नंबर बोट ठेवून पाहिला.

कुणाचेच नाहीत.

बुधवार, ता. १९

नंबर काढून टाकला. मग दार लावलं आणि त्याचे-माझे सगळे निरोप पुसले. मी घेतलं हे कुणाला दिसू नये म्हणून. मुलीसाठी नाही. माझ्यासाठी. हे इथे तरी खरं लिहितो.

दहा मिनिटांत दुसऱ्या नंबरवरून त्याचा निरोप: मी रागावलो नाही. बाईंना सांगाल तर कुणी घेतलं तेही सांगावं लागेल.

शेवटी परमेश्वराचं स्मरण.

गुरुवार, ता. २०

प्रार्थनेला उभा राहिलो, शब्द येईनात. त्याच्या तोंडी तेच शब्द —

चिमणी कानाशी आली. गुपित आहे म्हणाली. उद्या आजोबा येणार आहेत. मागच्या फाटकाशी. मावशी उशिरा येणार हे त्यांना माहीत आहे. कुणाला सांगायचं नाही, पण काका, तुम्ही तर त्यांचेच —

बाईंच्या दारापर्यंत गेलो. बाई म्हणाल्या, काय हवंय. मी म्हणालो, खडूची पेटी.

खडूची पेटी घेऊन परत आलो.

शुक्रवार, ता. २१

सांगितलं. सकाळी पहिल्या घंटेआधी, उभ्याउभ्या. बाई ओरडल्या नाहीत. फक्त तारीख विचारली. सहा, म्हणालो. त्यांनी माझ्यासमोर पंधरा दिवस बोटांवर मोजले.

आई आली. मी हात जोडले. तिने चिमणीला उचलून दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. दोघी आता बाईंच्या खोलीत आहेत, दार आतून बंद. साध्या कपड्यातले दोन पोलीस आमच्या हवालदाराच्या खोलीत.

त्यांच्याबरोबर आलेल्या पोलीसबाईंनी निरोप मागितले. पुसले, म्हणालो. मग सांगितलं, तारीखवार लिहिलेलं आहे, या वहीत. शेळ्यांपासून पेटीपर्यंत सगळं. म्हणाल्या, आजचं लिहा, सही करा आणि द्या. सगळे वाचतील. वाचू देत.

शाळा सुटली. हवालदार आलाय. मागच्या फाटकाशी कुणी आहे म्हणतो. म्हातारा नाही. तिशीचाही नसेल. नात न्यायला नाही, भाची न्यायला आलोय म्हणतो. ओळखपत्र मागितलं तर म्हणाला, ऑफिसातल्या काकांना विचारा, ते मला ओळखतात.

हो, ओळखतो. समोर जाऊन सांगतो. सही केली. वही पोलीसबाईंच्या हातात देतो आणि —