वूफरच्या पेटीतली थरथर

औंध, पुणे
दि. २७ नोव्हेंबर २०००

चि. अनिरुद्ध यास,
ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

बंगलोरची हवा मानवली का? बाकी तुम्हां संगणकवाल्यांना हवा लागते कुठे म्हणा, दिवसभर काचेआड बसलेले! सगळ्या जगाच्या हातात मोबाइल येतील, माझ्या वाट्याला मात्र पोस्टमनच. सातव्या वर्षी तापात माझे कान गेले तेव्हापासून आपलं सगळं कागदावर चाललंय, तेव्हा आळस न करता उत्तर लिही.

तुझ्या पहिल्या पगारातून शाळेला दिलेला वूफर बिघडलाय. सात वर्षांत कधी कुरकुर केली नाही आणि आता ऐन वेळी! माझी बहिरी मुलं त्याच्यावरच नाचतात, हे तुला ठाऊक आहे. हॉलच्या लाकडी जमिनीवर पेटी ठेवली की ढोलाचा ठोका अनवाणी पायांना कळतो, तेच त्यांचं ऐकणं. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघते तर दोन ठोक्यांमधली जागाच नाहीशी झालीय. सारखी बारीक थरथर. कल्याणी, माझ्या वर्गातली नऊ वर्षांची, सगळ्यांत पक्क्या तालाची पोर, खुणेनं सांगते की बाई, ठोका सापडतच नाही. मुख्याध्यापिका पूर्णिमाबाईंना विचारलं, तर त्याही म्हणाल्या की हो, घुं असा आवाज येतो खरा.

२३ डिसेंबरला स्नेहसंमेलन. यंदा नाच बसला नाही तर तो तास बंद करून शिवणाचा सुरू करायचं संस्थेच्या चिटणिसांनी ठरवून टाकलंय. मुलं रोज ओळ मोडतात, रोज रडतात. मला काही सुचत नाही रे. काय तपासू, ते सोपं करून लिही.

लोभ आहेच, तो लवकरच्या उत्तरात दिसू दे.
तुझी,
प्रेमलाताई


बंगलोर
दि. २ डिसेंबर २०००

ती. ताईस,
अनिरुद्धचा सविनय जयभीम.

घाबरू नकोस. वूफर म्हातारा झाला की घुं करतोच. टेपकडून येणारी वायर आधी काढून बघ. थरथर थांबली तर दोष वायरचा. नाही थांबली तर पेटीच्या पोटातले कपॅसिटर वाळले असणार. मग बुधवार पेठेत कचरूभाऊंकडे ने. कॉलेजात असताना मी त्यांच्याच दुकानात सोल्डरिंग शिकलो. माणूस खडूस, पण हात सोन्याचा.

आणि हे बघ, स्वतः स्क्रू उघडायला जाऊ नकोस. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज उरते, सणसणीत झटका बसेल. तुझं धाडस मला पुरतं माहीत आहे! मुलांना म्हणावं, मामा बघतोय.

तब्येतीला जप आणि धाकट्यावर माया राहू दे.
अनिरुद्ध


औंध, पुणे
दि. ९ डिसेंबर २०००

चि. अनिरुद्ध यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

वायर काढली, थरथर तशीच. मग प्लगच काढला आणि पेटीवर तळहात ठेवून बसले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली, हाताला लागतेच आहे. तू म्हणतोस ती उरलेली वीज हीच ना? केवढी साठवून ठेवते मेली!

रिक्षात घालून कचरूभाऊंकडे नेली. त्यांनी कपॅसिटर बदलले. त्यांच्या फळीवर हात लावला तर पेटी अगदी शांत. आनंदाने मला भर दुकानात रडू आलं. शाळेत आणून ठेवली आणि पुन्हा तेच! दुसऱ्या दिवशी परत नेली, तर त्यांनी पावतीच्या मागे लिहून दिलं, "पेटी ठणठणीत आहे. पुन्हा आणू नये. तपासायची हौसच असेल तर शाळा तपासावी." जन्म पुण्यात गेल्यावर एवढं खपवून घ्यावंच लागतं.

चौदा दिवस उरलेत. काल कल्याणीने पेटीला लाथ मारली. मी रागावले नाही, मलाही तेच करावंसं वाटत होतं. मी हात टेकले, अनिरुद्ध.

वाट पाहते.
ताई


बंगलोर
दि. १३ डिसेंबर २०००, कुरिअरने

ती. ताईस जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि स्वतःवरच चिडलो. अगं, ती उरलेली वीज झटका देते, वूफर हलवत नाही. प्लग काढलेली पेटी थरथरूच शकत नाही! पेटी बाहेर अंगणात नेऊन हात लाव. मग हॉलच्या रिकाम्या जमिनीला हात लाव. आसपास कुठे मोठं यंत्र बसलंय का, तेही विचार. कचरूभाऊ बोलले वाकडं, पण खरं तेच दिसतंय.

घाईत,
तुझा अनिरुद्ध


औंध, पुणे
दि. १८ डिसेंबर २०००

चि. अनिरुद्ध यास,
ताईचा जयभीम.

अंगणात पेटी मुकी. रिकाम्या जमिनीवर हात टेकला, तर तीच थरथर. जमिनीचं दुखणं मी महिनाभर पेटीच्या माथी मारत होते.

हॉलमागच्या बोळात पत्र्याची शेड उठलीय. मला वाटायचं, बागकामाची अवजारं असतील. पहारेकरी सोनबाने कुलूप काढलं. आत शेजारच्या नव्या कंपनीची थंड हवेची चार यंत्रं, रात्रंदिवस चालू. त्यांच्या संगणकांना गारवा लागतो म्हणे. सोनबा कानांवर हात दाबून उभा होता.

मी तावातावाने पूर्णिमाबाईंच्या खोलीत गेले आणि लिहून लिहून भांडले, की आम्हांला न विचारता ही जागा दिलीच कशी? त्यांनी सूचनावही माझ्यापुढे उघडली. मागे मी घुं आवाजाचं विचारलं तेव्हा त्यांना वाटलेलं, मी या यंत्रांबद्दलच विचारतेय. दिवाळीआधीची सूचना. हॉलमागे यंत्रं बसतील, आवाज होईल, शिक्षकांची हरकत असल्यास लिहावी. खाली एकच शेरा. "आम्हां बहिऱ्यांना आवाजाची कसली हरकत? खुशाल बसवा!" अक्षर माझं. सही माझी.

परीक्षेच्या गडबडीत वही वर्गात आली असेल आणि मी हसत हसत खरडलं असेल. मला आठवतही नाही रे. आवाज ही कानवाल्यांची भानगड, असं मीच धरून चालले. मी, जी जन्मभर पायांनी ऐकत आले! माझी मलाच लाज वाटते.

करार पाच वर्षांचा आहे. चिटणीस म्हणाले, तुम्हीच लिहून दिलंत, बाई. अंगणात नाचवून पाहिलं, मातीत ठोका मुरून जातो. लाकडी जमिनीसाठी दोन नाट्यगृहं पालथी घातली, डिसेंबरात एक तारीख मोकळी नाही. शनिवारच्या कार्यक्रमातून आमचा नाच काढला. शिवणयंत्रं नाताळानंतर येणार.

कल्याणीला मी खोटं सांगितलं नाही. पेटी चांगली आहे, चूक बाईंची झाली, नाच होणार नाही, असं खुणेनं सांगितलं. तिने सगळं नीट बघून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, उद्या सरावाला घुंगरू बांधून येऊ की नुसतीच? आज ती बांधूनच आलीय. हे लिहितेय तेव्हा हॉलच्या दारात माझी वाट बघत उभी आहे.

चुकलेल्या बहिणीवरही लोभ ठेव.
प्रेमला