इंग्रजीची कीव

रविवार, संध्याकाळ. घोडपदेव

परवा पेपर, आणि मी मघापासून नुसती हसतेय.

माझी लेक ओवी इंग्रजी शाळेत जायला लागल्यापासून सासूबाई तिच्याशी जपून बोलतात. मालवणी बंद. पोरीची भाषा बिघडेल म्हणे! अख्ख्या मजल्याला ऐकू जाणारा आवाज, आणि नातीसमोर हळूच 'गुड गर्ल'. मला ते 'गुड गर्ल' ऐकवत नाही. तुमची मालवणीच बोला, किती सांगितलं, ऐकतील तर ना.

आज त्या बांगडे साफ करत होत्या आणि मी शेजारी बसून एमएची उजळणी करत होते. इंग्रजीचा इतिहास. त्यांनाच सांगत सुटले, की एकेकाळी इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं. दरबारात फ्रेंच, कोर्टात फ्रेंच. इंग्रजी राहिली शेतात आणि चुलीपाशी. दरबारात परतली ती कित्येक पिढ्यांनी, पदरात ढीगभर फ्रेंच शब्द बांधून.

त्यांचा हात थांबला. "म्हणजे इंग्रजीकपण लोक गावठी म्हणत होते?"

"हो तर!"

"आणि ती घरातल्या बायकांनी राखल्यानी?"

पुस्तकात बायकांचं नाव नाही. तरी मी बिनधास्त हो म्हटलं. चुकलं का? नसावं. पोरं बोलायला शिकली कोणाकडून मग?

"बिचारी! किती सोसल्यान गो तिना!"

आणि गॅलरीत खेळणाऱ्या नातीला हाक, थेट जुन्या आवाजात: "ओवी, हयसर ये गो! तुझी ती इंग्रजी माका शिकव. आपल्यातलीच असा ती!"